पेडिया की रेडिओ?

एमबीबीएस झालेली मुलगी नीट-पीजीच्या निकालानंतर पसंतीक्रम भरायला बसते, तेव्हा डॉक्टरांच्या घरात जो वाद पेटतो तो बाहेर फारसा ऐकू येत नाही. बाहेरच्यांना वाटतं, पोरगी डॉक्टर झाली, आता आणखी काय ठरवायचं? खरं तर आयुष्याचा निर्णय इथेच असतो. पुढची तीस-पस्तीस वर्षं कुणाला तपासायचं, रात्री कशासाठी उठायचं आणि घरी येताना मनात काय घेऊन यायचं, हे त्या यादीतल्या वरच्या दोन-चार ओळींवर ठरतं. विद्यार्थी आपसात तीन शब्दांत विचारतात : पेडिया की रेडिओ? म्हणजे बालरोग, की एक्स-रे, सोनोग्राफी आणि एमआरआय.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न जास्त बोचतो. १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे आणि त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय बुलढाण्याकडूनही ‘घाटीला न्या’ असं सांगून रुग्ण पाठवले जातात. त्याच शहरात काचेच्या दारांची मोठी खाजगी रुग्णालयं आहेत, आणि समर्थनगर, उस्मानपुरा, सिडकोच्या गल्ल्यांमध्ये एकट्या डॉक्टरच्या जिवावर चालणारी दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम्सही आहेत. इथे शिकणाऱ्या मुलीला तिन्ही प्रकारची आयुष्यं रोज दिसतात.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. दोघी नणंद-भावजय, दोघी डॉक्टर. वहिनी बालरोगतज्ज्ञ आहेत. साठी ओलांडली आहे, समर्थनगरात स्वतःचं लहान नर्सिंग होम आहे. ताई त्यांच्या नणंद, फिजिशियन, एका मोठ्या खाजगी रुग्णालयात काम करतात. ताईंची मुलगी घाटीतून एमबीबीएस झाली आहे. तिचा क्रमांक असा आला आहे की रेडिओलॉजी मिळू शकते, आणि तिला बालरोग हवा आहे.

ताई : वहिनी, तुम्हीच तिला समजवा. माझं ऐकत नाही ती. तिला वाटतं, आई थकलीय म्हणून असं बोलते.

वहिनी : थकला तर आहातच तुम्ही. पण मी काय समजावू? पेडिया घेऊ नकोस, असं? माझ्या तोंडून?

ताई : तुमच्याच तोंडून. तुम्हाला बघूनच तिने हे डोक्यात घेतलंय. लहानपणी तुमच्या ओपीडीत येऊन बसायची, तुम्ही रडणाऱ्या पोरांना हसवताना बघायची. रात्री दोनला खालची बेल वाजायची आणि तुम्ही गाऊनवर शाल ओढून जिना उतरायच्या, ते तिने कधी बघितलं? दादाच्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही थिएटरच्या दाराशी नव्हत्या, सिझेरियनच्या बाळासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात होत्या. तेही सांगा तिला.

वहिनी : सांगेन. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग दुसरंही सांगावं लागेल. जुलाबाने सुकलेलं पोर सकाळी येतं. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, रडायलाही त्राण नसतं. आईला शेजारी बसवून चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजायला शिकवते. संध्याकाळच्या राउंडला तेच पोर माझा स्टेथोस्कोप ओढत असतं. ताई, तुमच्या शाखेत असा दिवस किती वेळा येतो?

ताई : क्वचित. माझा साखरेचा पेशंट बरा होऊन जात नाही, तो येतच राहतो.

वहिनी : म्हणून म्हणते. मी एक अभ्यास वाचला होता, २००२ साली अमेरिकेत छापलेला. तिथल्या बारा हजारांवर डॉक्टरांना विचारलं होतं, तुम्ही आपल्या कामात कितपत समाधानी आहात? फॅमिली डॉक्टरांशी तुलना केली तर बालरोगतज्ज्ञ जास्त समाधानी निघाले. नवजात बाळांचे डॉक्टर तर त्यांच्याही वर. आणि तिथे बालरोगतज्ज्ञाची कमाई इतर बहुतेक शाखांपेक्षा कमी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ताई : त्या यादीत आणखी कोण वर होतं?

वहिनी : त्वचारोगवाले. आणि सगळ्यात वर वृद्धांचे डॉक्टर.

ताई : बघा! वृद्धांचे डॉक्टर. त्यांचा कोणता पेशंट संध्याकाळी स्टेथोस्कोप ओढतो? ऐंशीच्या माणसाला ते कुठवर बरं करणार? म्हणजे पोर खुदकन हसतं म्हणून समाधान मिळतं, हे तुमचं कारण तुमच्याच अभ्यासात टिकत नाही. आणि फिजिशियन कुठे होते हो?

वहिनी : खाली. स्त्रीरोग, हाडं, डोळे, कान-नाक-घसा यांच्याबरोबर. नाराजांच्या बाजूला.

ताई : ते मला न वाचताही सांगता आलं असतं.

वहिनी : पण तुमचा मुद्दा मला पटला. वृद्ध आणि बाळ, दोन्ही टोकांचे डॉक्टर वर का यावेत? मला वाटतं, तिथे एक अवयव तपासून भागत नाही. माणूस पूर्ण बघावा लागतो, त्याचं घर बघावं लागतं. माझ्या ओपीडीत बाळ एक आणि त्याच्याबरोबर आई, बाप, दोन आज्या. वजन का भरत नाही हे रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. सासू वरचं दूध पाजतेय की सून सहा वाजता वाळूजच्या कंपनीत कामाला जातेय, हे विचारल्यावर सापडतं. ज्या मुलींना मी डोस दिले, त्या आता स्वतःची बाळं घेऊन येतात. एवढी ओळख तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात होऊ देतात का कुणी?

ताई : होऊ देत नाहीत, खरंय. पण अमेरिकेतल्या यादीवर माझ्या मुलीचं आयुष्य तोलू नका. तिथल्या नवजात विभागात एका सिस्टरकडे किती बाळं असतात आणि आपल्याकडे किती?

वहिनी : नियम आपल्याकडेही आहे. सरकारी नवजात विभागांच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर लिहिलेली आहे.

ताई : लिहिलेली आहे. तुम्ही एमडी करत होतात तेव्हा रात्री किती असायच्या?

वहिनी : (जरा थांबून) एक. कधी दोन. बाळं किती असतील त्याला धरबंध नाही. ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला लागणार हे दिसत असून. एका रात्रीचं सांगते, हे मी तुमच्या दादालाही नीट सांगितलेलं नाही. सातव्या महिन्यातलं बाळ होतं, बाराशे ग्रॅमच्या आसपास. श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. व्हेंटिलेटर एकच आणि तो दुसऱ्या बाळाला लावलेला. आम्ही दोघी निवासी डॉक्टर आलटून-पालटून हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत बसलो. मध्येच लेबर रूममधून निरोप, बाळ रडलं नाही, या. मी पळाले. ते बाळ रडवलं, परत आले. पहाटे पहिलं बाळ गेलं. बाप बाहेर पायरीवर बसला होता, बीडकडचा ऊसतोडीवाला. तो मला म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही लय केलं.’ त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला माहीत नव्हतं की काय करायला हवं होतं. मला माहीत होतं.

ताई : आणि त्या पोरीने हेच करावं असं तुम्हाला वाटतं?

वहिनी : नाही. त्या पोरीने मशीन असलेल्या वॉर्डात काम करावं असं वाटतं. बाळ दगावणं मी सहन करायला शिकले. काही बाळं कोणीही वाचवू शकत नाही, हे पहिल्या वर्षातच कळतं. आपण रडतो आणि पुढच्या बाळाकडे जातो. जे वाचलं असतं ते मात्र मनातून जात नाही. अजून जात नाही.

इथे मी, लेखक म्हणून, थोडा मध्ये बोलतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाची गाठ वहिनींच्या या शेवटच्या वाक्यात आहे. डॉक्टरांच्या असमाधानाबद्दल आपण बोलतो तेव्हा ताण, झोप, पैसा, कौटुंबिक आयुष्य असे शब्द येतात. ते खरे आहेत. पण त्यांच्याखाली एक वेगळं दुःख असतं आणि ते बालरोगात सर्वांत उघडं पडतं : उपाय ठाऊक असणं, तो स्वस्तही असणं आणि तरीही त्या रात्री तो हाताशी नसणं. कमी दिवसांचं बाळ, जन्मतः न रडलेलं बाळ आणि जंतुसंसर्ग झालेलं बाळ, नवजात मृत्यूंची ही तीन मोठी कारणं आहेत. ऊब, श्वासाला आधार, स्वच्छ हात, वेळेवर अँटिबायोटिक आणि जागी असलेली पुरेशी माणसं मिळाली तर यातली पुष्कळ बाळं तरतात. ज्याला हे येतं त्याला ते करू न देणं, हा त्या डॉक्टरवरचाही अन्याय आहे. पगारवाढीने तो भरून निघत नाही.

ताई : तुमची गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ? २०२३ आठवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यातली बारा नवजात बाळं. खाटा किती आणि बाळं किती ते त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत आलं. आपल्या घाटीतल्या मृत्यूंचे आकडेही आले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि त्याआधी काय झालं? खासदार तिथे गेले आणि अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर संडास साफ करायला लावला. डॉक्टरलाच, वहिनी. औषध खरेदी कुणाकडे रखडली, पदं कुणी भरली नाहीत, ते विचारायला कुणी झाडू घेऊन गेलं नाही.

वहिनी : तो व्हिडिओ बघून मी त्या रात्री जेवले नाही. त्या खासदारांवर पुढे गुन्हा दाखल झाला, पण ते चित्र पुसलं गेलं नाही.

ताई : धुळ्याचं विसरलात? मार्च २०१७. निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर महाराष्ट्रभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. २०१०चा कायदा होताच, डॉक्टरवर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्याने कुणाचा हात थांबला? आणि लहान मुलाच्या वॉर्डात नातेवाईक सर्वांत जास्त भडकतात. म्हातारा गेला तर ‘त्याचं वय झालं होतं’ म्हणतात. लेकरू गेलं तर कुणीतरी दोषी लागतोच, आणि समोर तुम्ही असता.

वहिनी : हे खरं आहे. पण तुम्ही एक बाजू सोडताय. माझ्याकडे मारायला आलेले दोन-तीन प्रसंग झाले, तेव्हा मध्ये कोण उभं राहिलं? दुसऱ्या मुलांच्या आया. ‘मॅडमला हात लावू नका, रात्रभर इथेच होत्या.’ लोकांनी बघितलं असेल तर ते धरून ठेवतात. जिथे डॉक्टर बारा वॉर्डांत धावतो आणि नातेवाइकाशी बोलायला दोन मिनिटं नसतात, तिथे ते काय बघणार? माणसं कमी असली की मारही त्यातूनच येतो.

ताई : म्हणजे आपण एकच बोलतोय.

वहिनी : कारणाबद्दल एकच. निष्कर्षाबद्दल नाही. तुम्ही म्हणता, म्हणून जाऊ नको. मी म्हणते, कुणीतरी गेल्याशिवाय ते सुधारणार कसं?

ताई : हेच ते! हेच मला नको आहे. सरकारला आणि संस्थाचालकांना तुमच्यासारखी माणसं फार आवडतात. तुम्ही समाधानात काम करता म्हणून पदं रिकामी ठेवली तरी चालतं, सिस्टर कमी असली तरी चालतं. सेवाभाव आहे ना! १९९२ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने निवासी डॉक्टरांसाठी लिहून दिलं, सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. माझी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. आज पेडियाची पहिल्या वर्षाची पोरं छत्तीस-छत्तीस तास उभी असतात आणि त्यांना कुणी सांगतं, ‘आम्हीही केलं होतं.’ तुम्हीही म्हणता.

वहिनी : म्हणते. म्हणायला नको. झोप नसलेल्या माणसाने औषधाचा हिशेब करणं मोठ्यांत धोक्याचं आहे, बाळांत तर जीवघेणं. आमच्याकडे सगळं किलोमागे मिलिग्रॅम असतं. एक टिंब सरकलं की दसपट. त्यामुळे ड्यूटीच्या तासांबद्दल मी तुमच्या बाजूने कुठेही सही करेन. पण तुम्ही समाधानालाच गुन्हेगार ठरवताय. माझं समाधान माझं आहे, ताई. कुणी त्याचा गैरफायदा घेतला म्हणून ते खोटं होत नाही.

ताई : खोटं म्हणत नाही मी.

वहिनी : मग ऐका. मी एमडीला होते तेव्हा महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांतली साठच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२०च्या नमुना नोंदणीत तो आकडा सोळावर आला. देशाचा अठ्ठावीस. पोलिओने पाय गेलेली मुलं मी आठवड्याला बघायचे. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. घटसर्पाने गळा सुजलेलं पोर माझ्या असिस्टंटने पुस्तकातच बघितलंय. असं किती डॉक्टरांना म्हणता येतं, की मी शिकताना जो आजार रोज बघितला तो माझ्या हयातीत गेला? तुमची साखर आणि बीपी वाढतच चाललंय.

ताई : त्यात तुमचं एकटीचं किती?

वहिनी : थोडं. फार थोडं. आणि हे मला गडचिरोलीने शिकवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना शिकवलं : घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेला घेतलेल्या गावांच्या हिशेबाने, बासष्ट टक्क्यांनी उतरला. १९९९च्या डिसेंबरात ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. मी तो निबंध वाचला तेव्हा आधी मला रागच आला. दहा वर्षं घासून मी जे शिकले ते पाचवी-सातवी झालेली बाई झोपडीत करते! मग बऱ्याच दिवसांनी समजलं की हे माझ्याच कामाचं पुढचं टोक आहे. पुढे २०११ पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासायचं, हे देशभर सुरू झालं. आता पैठण नाहीतर फुलंब्रीकडच्या गावातून आशा मला फोन करते, ‘मॅडम, बाळ थंड पडतंय, दूध ओढत नाही.’ मी सांगते, आईच्या छातीला लावून गुंडाळ आणि निघ. ते बाळ पोचतं तेव्हा जिवंत असतं. माझ्या समाधानाचा निम्मा वाटा त्या आशाताईचा आहे आणि तिला महिन्याला काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे.

ताई : मग तीच बघा की सेवाभावाची खरी किंमत! आशा संपावर जाते तेव्हा कुठे दोन पैसे वाढतात.

वहिनी : म्हणून मी त्यांच्या संपाला विरोध केला नाही. कधीच.

ताई : बरं, पैशाचं बोलू. तुम्हाला ते बोलायला आवडत नाही, पण मुलीला सांगायला हवं. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी दोन मुलंही राहिली नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा एक पूर्णांक सात होता. मुलंच कमी, तर मुलांचे डॉक्टर कशावर जगणार? रोटाव्हायरस, न्यूमोनियाच्या लसी आता सरकारी केंद्रात फुकट मिळतात. ज्या लसींवर तुमच्या नर्सिंग होमचं भाडं निघायचं, ते गेलं.

वहिनी : लस फुकट झाली तेव्हा मला आनंदच झाला. भाड्याची काळजीही लागली, हेही खरं. भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात आग लागून दहा बाळं गेली २०२१च्या जानेवारीत, त्यानंतर फायर ऑडिट आलं. ते यायलाच हवं होतं. पण दहा खाटांच्या माणसाला तो खर्च पेलत नाही. एकट्याचं नर्सिंग होम हा प्रकार माझ्याबरोबर संपणार, हे मला दिसतंय. तिने माझ्यासारखं एकटीने उघडू नये. चार जणांनी मिळून करावं, रात्री वाटून घ्याव्यात. गारखेड्यात १९८९ साली काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन हेडगेवार रुग्णालय उभं केलंच ना, ट्रस्टचं. वस्त्यांमध्येही गेले. मी तेव्हा एकटी निघाले. रात्री एकटीच्या वाट्याला आल्या, त्या तिथूनच आल्या.

ताई : वहिनी, मी तुम्हाला एक सांगू? तुमचा हेवा वाटतो मला. म्हणून मी जास्त भांडते. मी वाईट फिजिशियन नाही.

वहिनी : कोण म्हणतं?

ताई : कोविडमध्ये, २०२१च्या एप्रिलमध्ये, मी पीपीई किटमध्ये बारा-बारा तास होते. तुमच्या ओपीड्या रिकाम्या होत्या. पुढे तिसरी लाट मुलांवर येईल म्हणून राज्याने बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं, सुदैवाने ती तशी आली नाही. त्या महिन्यांत मी जितकं थकले तितकी कधी थकले नाही, आणि खरं सांगते, तितकं समाधानही कधी वाटलं नाही. जे येत होतं ते करत होते. कुणी मला विचारत नव्हतं की या महिन्यात तुमच्या नावावर किती ॲडमिशन झाल्या. आता विचारतात. मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता लावतात. माझा साखरेचा जुना पेशंट, वीस वर्षं त्याचे पाय, किडन्या, डोळे सांभाळले. त्याला पायाला साधी जखम झाली तर मी घरी ड्रेसिंग सांगते आणि मला ऐकावं लागतं, ‘दाखल का केलं नाही?’ पेशंटच्या मुलालाही वाटतं, ही बाई काहीतरी लपवतेय, किंवा जास्त तपासण्या लिहून कमिशन खातेय. दोन्हीकडून मी संशयित. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरच्या अठ्ठ्याहत्तर डॉक्टरांना बोलतं केलं होतं, ‘कैफियत’ म्हणून ते मराठीत आलं. ते वाचताना मला दर पानाला वाटत होतं, हे मीच बोलतेय.

वहिनी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

ताई : कशी बोलणार? तुमच्याकडे पोरांचे फोटो भिंतभर लावलेत.

वहिनी : तो माणूस, तुमचा साखरवाला. वीस वर्षं दोन पायांवर चालतोय ना? माझं पोर एका संध्याकाळी बरं होतं, मला पोचपावती लगेच मिळते. तुमची पावती कुणी फाडतच नाही, कारण जे झालं नाही ते दिसत नाही. पाय कापला गेला नाही, याचा फोटो कसा काढणार?

ताई : (हसून) हे छान बोललात. पण यावरून मुलीने काय घ्यायचं?

वहिनी : तिला तुम्ही रेडिओ का सांगताय? ते समाधानाचं आहे म्हणून?

ताई : सुरक्षित आहे म्हणून. नातेवाईक अंगावर येत नाहीत, रात्री कमी. बरं, रेडिओलॉजिस्टही उगाच बसून नसतात. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा दोष वेळेवर दिसला तर जन्माच्या आधी सगळी तयारी होते, तुमचंच काम सोपं होतं. तिला तिथे आनंद मिळणार नाही असं का धरून चालायचं?

वहिनी : नाही धरत. ज्याला सावल्या वाचायची गोडी आहे त्याला तिथे मिळेलच. तिला ती आहे का, हे तिलाच विचारू या.

(मुलगी आतून येते. दोघींचं बोलणं तिने अर्ध्याहून जास्त ऐकलेलं आहे.)

मुलगी : मामी, रेडिओ मला आवडतं. वाईट नाही. पण इंटर्नशिपमध्ये पेडियाच्या वॉर्डात ड्यूटी संपली तरी माझे पाय निघायचे नाहीत. एवढंच मला माहीत आहे. आईची भीतीही खोटी वाटत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत ते पाय तसेच राहतील का, हे कसं कळणार?

वहिनी : ते शाखेवरून नाही कळत. कॉलेजवरून कळेल. यादीत जी चार-पाच कॉलेजं वर टाकणार आहेस तिथे जा, आणि दिवसा जाऊ नकोस. रात्री जा. नवजात विभागात सिस्टरला विचार, आज बाळं किती आणि तुम्ही किती. वॉर्मर किती, त्यातले चालू किती. एका वॉर्मरवर दोन बाळं दिसली तर ते कॉलेज खाली सरकव. फर्स्ट इयरच्या मुलीला विचार, पहाटे तीनला बाळ बिघडलं तर लेक्चरर फोन उचलतात का, आणि उचलून येतात का.

ताई : दारावर सुरक्षारक्षक आहे का ते बघ. ड्यूटी रूमला कडी आहे का, आतून लागते का, हेसुद्धा. आणि मागच्या दोन वर्षांत सीट किती जणांनी मध्येच सोडली, हे कुणा सरांना विचारू नकोस, मेसमध्ये विचार.

मुलगी : आणि सगळीकडे दोन-दोन बाळं असली तर?

वहिनी : तर मला येऊन सांग. मग मी तुला जा म्हणणार नाही. खरंच म्हणणार नाही.

ताई : फॉर्म कधीपर्यंत आहे?

मुलगी : परवा संध्याकाळी पाचपर्यंत.

ताई : मग आज जालन्याचं करू, गाडी मी काढते. उद्या इथलं. रेडिओ मात्र यादीतून काढू नकोस.

मुलगी : नाही काढत. खाली ठेवलंय.

ताई : किती खाली?

मुलगी : ते दोन्ही वॉर्ड बघून आल्यावर सांगते.